शिरवण्याच्या झाडाची बरणी

पेरूचं पान उजेडाकडे धरून भिंगातून पाहिलं की त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगाळल्यावर येणारा वास त्यांचाच. निलगिरीच्या पानात त्या असतात, जांभळाच्या पानात असतात, लवंगेच्या कळीत तर ठासून भरलेल्या असतात. ही सगळी झाडं एकाच कुळातली. वाशीच्या एका महाविद्यालयात प्रियदर्शिनी सपकाळ हे दरवर्षी शिकवते. पानं समोरासमोर, पानाच्या कडेकडेने धावणारी एक शीर, फुलात पुंकेसरांचा झुबका, बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली. पेरूच्या बुडाशी जो वाळका मुकुट राहतो तो फुलाचाच उरलेला भाग. मुलं हे लिहून घेतात आणि परीक्षेत जांभळाच्या फुलाच्या जागी जास्वंद काढून येतात. तिला आता त्याचं काही वाटत नाही.

ती तासिका तत्त्वावर शिकवते. घेतलेल्या तासांचं मानधन, उन्हाळ्यात काही नाही, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत. सकाळी वाशी, दुपारी ऐरोलीचं दुसरं महाविद्यालय. दोन्हीकडच्या स्टाफरूममध्ये तिला खुर्ची मिळते, कपाट मिळत नाही. कपाट कायम प्राध्यापकांना. त्यामुळे तिच्या संशोधनाचे नमुने कोपरखैरण्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटात ठेवलेले असत. वरच्या फळीवर पापड-कुरडया, खालच्या फळीवर काचेच्या बारा बरण्या. प्रत्येक बरणीत एका जांभळाच्या झाडाच्या बियांची भुकटी.

घर माथाडी वसाहतीतलं. सासरे बाबासो सपकाळ जावळी तालुक्यातून तरुणपणी आले आणि वाशीच्या फळबाजारात पाठीवर माल वाहत निवृत्त झाले. गुडघे गेले, साखर लागली. सासू राजाबाई. नवरा प्रसाद तुर्भ्यातल्या शीतगृहात सुपरवायझर आहे. लग्नानंतर काही वर्षांनी प्रियदर्शिनीने पीएचडीला नाव नोंदवायचं ठरवलं, तेव्हा प्रसाद म्हणाला होता, "आता आणि कशाला?" बाबासो भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शिकूंदे की. तुझं काय जातंय?" त्यावर चर्चा झाली नाही. त्या घरात बाबासोंच्या बोलण्यावर चर्चा होत नसे.

विषय साधा होता. जांभळाच्या फळाचा रंग हा बऱ्याच लोकांच्या अभ्यासाचा विषय. तो देणारी द्रव्यं आम्लात लाल आणि साबणाच्या पाण्यात निळी होतात. हे राजाबाईंना सुनेच्या ओढण्या धुऊन धुऊन पाठ झालं आहे. बीमध्ये तो रंग नसतो, तुरटपणा असतो. त्या तुरटपणामागच्या द्रव्यांमध्ये एलॅजिक आम्ल नावाचं एक आहे आणि मधुमेहाच्या संदर्भात त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. माणसांवरचे थोडे आणि कच्चे. प्रियदर्शिनीला औषधाशी कर्तव्य नव्हतं. तिचा प्रश्न एवढाच होता, की एकाच जातीच्या वेगवेगळ्या झाडांच्या बियांत हे आम्ल सारखंच असतं की कमीजास्त? जास्त तफावत निघाली तर 'चमचाभर जांभूळपावडर' या शब्दांना काही अर्थ उरत नाही, कारण एका झाडाचा चमचा दुसऱ्या झाडाच्या चमच्यासारखा नसतो.

तिने बारा झाडं निवडली. बेलापूरच्या टेकडीवरची, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेची, एक महाविद्यालयाच्या आवारातलं. एक शिरवण्याच्या जुन्या गावठाणात, राहीबाई म्हात्रे यांच्या घरामागे. त्या झाडाचं फळ बारीक, गर नावाला, बी मोठी. राहीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ने गो ने, सगली ने. या झाराची जांभलं कोन खातंय? नुसती तुरट हाय. पोरा थुकतान."

बाबासोंना या कामात रस वाटू लागला. गुडघ्यांमुळे घरात बसून होते. हंगामात ते जुन्या ओळखीवर बाजारातून जांभळं आणत, गर काढून बिया धुवत, गच्चीवर जुन्या साडीवर वाळवत. सुनेला तुलनेसाठी बाजारातल्या बियाही लागत होत्या आणि त्या पुरवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. राजाबाई मिक्सरमध्ये दळून देत. जास्तीच्या भुकटीचा एक मोठा डबा घरात कायम भरलेला असे.

पहिली मोजणी व्हायला उशीर झाला. द्रावणातले घटक वेगवेगळे करून मोजणारं यंत्र तिच्या महाविद्यालयात नाही. दुसऱ्या एका संस्थेत पाळी लावावी लागते आणि तासिकावाल्यांची पाळी शेवटी येते. आकडे हातात आले तेव्हा अकरा झाडं एकमेकांच्या जवळपास होती. शिरवण्याचं झाड त्यांच्या चौपट होतं.

असं का, ते तिला आजही माहीत नाही. जमीन, वय, वाण, काहीही असू शकतं. पण प्रबंधात सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच होतं. त्या रात्री जेवताना ती बोलून गेली.

"मामा, शिरवण्याच्या झाडात चौपट निघालं."

"काय निघालं?"

"साखरेवर काम करतं म्हणतात ना, ते."

"मंजी लई पावरबाज?"

"लई."

राजाबाई म्हणाल्या, "जेवा आता. गार झालं समदं."

'म्हणतात' या शब्दावर काही सिद्ध होत नाही, हे ती वर्गात दरवर्षी सांगते. त्या दिवशी तिच्या तोंडून तो सहज निघाला आणि बाबासोंच्या कानांवरून तो तसाच गेला. त्यांनी ऐकलं ते 'चौपट' आणि 'साखर'.

शास्त्रात एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं. शिरवण्याचा आकडा प्रबंधात ठेवायचा तर तो पुन्हा यायला हवा होता. त्याच झाडाच्या नव्या बिया मिळाल्या असत्या तर उत्तम, पण पुढच्या हंगामात ती शिरवण्याला गेली तेव्हा तिथे झाड नव्हतं आणि राहीबाईंचं घरही नव्हतं. पाया खणला होता, लोखंडी सळ्या उभ्या होत्या. राहीबाई शेजारी पुतण्याकडे राहत होत्या. "बिल्डिंग होते गो," त्या म्हणाल्या, "झार कुठं ठेवतंय कोनी?" त्या झाडाखाली दरवर्षी रोपं उगवत. जांभळाच्या एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं येतात आणि त्यांतली काही हुबेहूब आईसारखी असतात. एखादं कुणी लावलं असेल का, असं तिने विचारलं. राहीबाईंनी खराट्याने झाडल्याचा हात केला.

म्हणजे त्या झाडाचं जे काही उरलं होतं ते कोपरखैरण्याच्या कपाटात, कुरडयांच्या खालच्या फळीवर, एका बरणीत. बरणी भरपूर भरलेली होती. घाबरण्याचं कारण नव्हतं. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ चालू होती आणि दुसऱ्या मोजणीसाठी यंत्राची पाळी लागलेली होती.

दुसऱ्या मोजणीत अकरा झाडांचे आकडे पहिल्यासारखेच आले. शिरवण्याचा आकडा इतरांसारखा आला.

तिने तो तीनदा घेतला. तिन्ही वेळा तेच. मग सुरू झाला तो काळ तिच्या मते सगळ्यात वाईट होता, कारण त्यात काहीच घडत नव्हतं. पहिल्या वेळी तुलनेसाठीचं प्रमाणद्रावण चुकलं होतं का? बाटल्यांची अदलाबदल झाली का? मग बाकी अकरा कसे जुळले? भुकटी जुनी होऊन आम्ल मोडलं म्हणावं, तर ते एकाच बरणीत कसं मोडलं? सकाळचे तास, दुपारचे तास, संध्याकाळी जुन्या नोंदी चाळणं. प्रसाद म्हणायचा, "टेन्शन घेऊ नको, एक झाड गेलं तर गेलं." मार्गदर्शक म्हणाले, "पहिलं रीडिंग चुकलं असणार. तुझा हात नवा होता. काढून टाक आणि सबमिट कर." ते चिडून बोलले नव्हते. त्यांच्या हाताखाली अजून पाच जण होते.

तिने काढलं नाही, ठेवलंही नाही. प्रबंध तसाच लॅपटॉपवर पडून राहिला. आपल्याला साधं वजन करून विरघळवताही येत नाही, हे तिने जवळपास मान्य केलं होतं.

बाबासोंच्या पायाला नव्या चपलेचा पट्टा लागला होता. ती जखम त्यांनी कुणाला दाखवली नाही. मोजे घालून बसू लागले, तेव्हा राजाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "फरशी गार लागतीया." मे महिना होता. शेवटी वासावरून राजाबाईंनी मोजा ओढून काढला. डाव्या पायाचं दुसरं बोट काळं पडलं होतं.

वाशीतल्या रुग्णालयात तरुण डॉक्टरने साखरेचा आकडा पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

"गोळ्या घेता ना काका?"

उत्तर राजाबाईंनी दिलं. "गोळ्या कवाच बंद केल्यात. सूनबाईची पावडर घेत्यात."

डॉक्टरने प्रियदर्शिनीकडे पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"अजून नाही," ती म्हणाली. मग प्रश्न लक्षात येऊन म्हणाली, "तसली नाही."

"कसली पावडर दिलीत?"

"तिनं न्हाय दिली," बाबासो एकदम बोलले. "मी घेतली. शिरवण्याची. सकाळ-संध्याकाळ चमचा. सुरवातीला साखर उतरलीबी हुती, इचारा हिला." सुरुवातीला ते गोळ्याही घेत होते आणि गोडही सोडलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. "पर माल कमी केला न्हाय मी. जेवढा उचलला तेवढा डब्यातनं परत भरला. तुझ्या त्या बारक्या काट्यावर मोजून. एका ग्रॅमाचाबी फरक न्हाय, बघ पायजे तर."

त्यांच्या आवाजात अपराध नव्हता. असलाच तर हिशेब चोख ठेवल्याचा थोडा ताठा होता. जन्मभर त्यांनी जे काम केलं त्यात गोणी कुणाची, आत काय, हे हमालाने विचारायचं नसतं. गाडीतून उतरलेलं वजन आणि गाळ्यात लागलेलं वजन एक असलं की माणूस सुटला. बरणीतली भुकटी तपकिरी, डब्यातली तपकिरी. त्यांनी बरणी रिकामी होऊ दिली नाही. महिन्यांमागून महिने ते शिरवण्याचं झाड खात गेले आणि त्याच्या जागी बाजारातलं जांभूळ भरत गेले.

प्रियदर्शिनीच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते पायाबद्दल नव्हतं. ती हे लपवत नाही. तिच्या मनात आलं, की म्हणजे पहिलं रीडिंग बरोबर होतं. मग लगेच कळलं, की ते आता कधीच दाखवता येणार नाही. पाय तिसऱ्या क्रमांकावर आला.

बोट काढावं लागलं. पाय वाचला. इन्सुलिन सुरू झालं. ते टोचायचं काम प्रियदर्शिनीकडे आलं, कारण प्रसादला सुई बघवत नाही आणि राजाबाईंना आकडे दिसत नाहीत. टोचताना सासरा आणि सून फार बोलत नसत. एकदा बाबासो म्हणाले, "तू वरडत का न्हाईस?"

"ओरडून काय होतंय, मामा. पोट ढिलं सोडा."

एक काम तिला उरकायचं होतं. बाबासोंनी डब्यातली भुकटी वसाहतीतल्या जुन्या सोबत्यांनाही वाटली होती. पुड्या बांधून, 'आमच्या सूनबाईंचा शोध' म्हणून. संध्याकाळी ती मंडळी वसाहतीच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसतात. ती तिथे गेली आणि उभ्यानेच सांगितलं, की ही भुकटी औषध नाही, गोळ्या कुणीही बंद करायच्या नाहीत, केल्या असतील त्यांनी उद्याच डॉक्टरकडे जायचं.

ज्ञानू शेलार हे बाबासोंचे बाजारातले जोडीदार. ते म्हणाले, "पर म्याडम, बाबासो म्हनला तुमी परयोग केल्यात."

"मी फक्त बियांत काय आहे ते मोजलं, काका. खाऊन बघायचे प्रयोग दुसऱ्यांनी केलेत. तेही उंदरांवर."

"मंजी आमी उंदीर?"

"तू हाईसच की ज्ञान्या," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "गाळ्यातला काजू कोन खायाचं मग?"

कट्टा हसला. बाबासो पायाला बँडेज बांधून तिथेच बसले होते. ते हसले नाहीत. शेलारांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "काय रं, सूनबाई म्हनत्यात ते खरं का?" बाबासोंनी होकाराची मान हलवली. सुनेच्या शिक्षणाबद्दल या कट्ट्यावर त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं सगळं त्या मान हलवण्यात परत घेतलं गेलं. शेलार दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. बाकीच्यांचं तिला माहीत नाही.

मुदत संपत आली होती. मार्गदर्शकांना तिने घडलं ते सांगितलं. ते आधी हसले, मग बोटाचं ऐकून थांबले. "आता तर काढच," ते म्हणाले. "एकदाच आलेला आकडा आहे. नमुना नाही, झाड नाही. काय दाखवणार आहेस?"

"पहिला आकडा खरा आहे, सर."

"खरा असेल. सिद्ध आहे का?"

तिने शिरवण्याची ओळ ठेवली. खाली टीप लिहिली, की नमुना दूषित झाल्याने पुनर्मोजणी शक्य झाली नाही. आलेखात अकरा बुटके खांब आणि एक उंच. मार्गदर्शकांनी सही केली आणि म्हणाले, "व्हायवाला मला मध्ये ओढू नकोस."

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. बाबासो आणि राजाबाई शेवटच्या रांगेत बसले. बाबासोंनी कडक इस्त्रीची टोपी घातली होती. परीक्षा इंग्रजीत चालली होती, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण पडद्यावर आलेख आला आणि बाहेरून आलेले परीक्षक 'शिरवणे' म्हणाले, तेव्हा ते पुढे सरकून बसले.

परीक्षक पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, की हा एकच आकडा एकदाच का घेतला? तिने टीप वाचून दाखवली. त्यांचं समाधान झालं नाही. ते मराठीत आले. "दूषित म्हणजे काय झालं नेमकं, मॅडम? नमुना पुरेसा होता असं तुम्हीच मागच्या प्रकरणात लिहिलंय."

"नमुना संपला, सर."

"संपला? कशात वापरला?"

तिने मार्गदर्शकांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते.

"सायेब," शेवटच्या रांगेतून आवाज आला. बाबासो खुर्चीला धरून उभे राहिले होते. "त्यो मी खाल्ला."

सभागृहात हशा पिकला. परीक्षकही हसले. "सगळा?"

"सगळा. साखर हाय मला. हिनं न्हाय दिला, मीच घेतला. भरून ठिवला हुता, पर त्यो निराळा माल निघाला म्हनं."

"मग काका, काही फरक पडला का?"

"पडला की. बोट गेलं."

त्यांनी पाय थोडा पुढे केला. हसणं ज्याच्या त्याच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग उतरलं. राजाबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. परीक्षकांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा इंग्रजीत पुढचा प्रश्न विचारला.

निर्णय अर्ध्या तासात झाला. पदवी द्यावी, अशी शिफारस. दुरुस्ती एकच. पुनरावृत्ती न झालेला आकडा तक्त्यातून, आलेखातून आणि निष्कर्षातून वगळावा. त्यात चुकीचं काही नव्हतं. विद्यार्थ्याच्या प्रबंधात तिनेही हेच सांगितलं असतं. उंच खांब गेल्यावर आलेख जवळपास सपाट होतो आणि निष्कर्ष असा उरतो, की पाहिलेल्या अकरा झाडांच्या बियांत लक्षणीय तफावत आढळली नाही. जे सांगण्यासाठी तिने एवढी वर्षं घालवली, त्याच्या हे जवळपास उलट आहे. नावापुढे आता डॉक्टर लागेल. जूनची मुलाखत पुन्हा द्यावी लागेल ती लागेलच, कायम जागा निघालेली नाही.

प्रथेप्रमाणे परीक्षकांसाठी जेवण सांगितलं होतं. श्रीखंड-पुरी. परीक्षकांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. हात धुताना ते बेसिनपाशी तिची वाट बघत रेंगाळले.

"मॅडम, एक विचारू? शुगर मलाही आहे. बॉर्डरच्या थोडी वर."

"हो, सर."

"ते शिरवण्याचं आकडेवारीत धरता येत नाही, तो नियमाचा भाग झाला. पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? चौपट असेल?"

"असेल."

"तशा झाडाची कुठे मिळाली तर? थोडी. घ्यायला हरकत नसावी ना?"

पलीकडे बाबासो खुर्चीवर पाय लांब करून बसले होते आणि राजाबाई त्यांच्या ताटातलं श्रीखंड काढून घेत होत्या. प्रियदर्शिनीने कागदी रुमाल परीक्षकांच्या हातात दिला.

"गोळी सोडू नका, सर."

"छे छे, गोळी चालूच. बरोबरीने."

तिने तेच वाक्य पुन्हा सांगितलं, वर्गात सांगते तसं, सावकाश.